विरळ हवेत हवी उसंत

५ जून १९२१ रोजी तिबेटच्या पठारावर, कंपा झोंगच्या अलीकडच्या एका खिंडीत, अलेक्झांडर केलास यांचा मृत्यू झाला. एव्हरेस्टच्या पहिल्यावहिल्या पाहणी मोहिमेचे ते सदस्य होते, आणि उंचीवरच्या शरीराविषयी त्यांच्याइतके जाणणारी माणसे त्या काळी जगात फार थोडी होती. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाच्या वैद्यक महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवत आणि संधी मिळेल तेव्हा शेर्पा सोबत्यांना घेऊन सिक्कीमची शिखरे चढत. कृत्रिम प्राणवायूशिवाय माणूस एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचू शकेल का, याचा हिशेब त्यांनी १९२० साली मांडून ठेवला होता. उत्तम प्रकृतीच्या आणि कसलेल्या माणसाला ते जमेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी तो १९७८ साली खरा करून दाखवला. केलास यांचा जीव मात्र पोटाच्या आजाराने घेतला. मोहीम निघण्याआधीचा काळही त्यांनी डोंगरांतच काढला होता. थकलेल्या अंगाला विश्रांती नव्हती. वाटेत पोट बिघडले, चालवेना, खाटेवर घालून न्यावे लागले, आणि अखेर हृदय थांबले.

कडा कोसळून, हिमप्रपातात, गारठून माणसे मरतात, त्याच्या कथा होतात. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊन माणसे जातात, हेही आता बहुतेक गिर्यारोहकांना ठाऊक असते. पण विरळ हवेत कष्ट करणाऱ्या शरीराची आजाराशी लढण्याची ताकद नेमकी कुठे कमी पडते, या प्रश्नाकडे विज्ञानाचे लक्ष फार उशिरा गेले. त्याआधी कित्येक दशके लोकांची समजूत तर अगदी उलटी होती. डोंगर माणसाला बरे करतो, असेच सारे मानत.

त्या समजुतीला अनुभवाचा आधार होता. पेरू देशातले जौजा हे सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचे गाव क्षयरोग्यांचे आश्रयस्थान म्हणून एकोणिसाव्या शतकात ओळखले जाई. सायलेशियातल्या ग्योर्बर्सडॉर्फ येथे हेर्मान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. ठरावीक उंचीच्या वर क्षय होतच नाही, काही प्रदेश या रोगापासून मुळातच मुक्त असतात, असे त्यांचे मत होते. स्वित्झर्लंडमध्ये १,५६० मीटरवरच्या दावोस गावात डॉक्टरकी करणारे अलेक्झांडर श्पेंग्लर यांनाही स्थानिक लोकांत क्षय दिसला नाही. १८६० च्या दशकात तिथे रोगी येऊ लागले आणि पाहता पाहता त्या खेड्याचे नाव युरोपभर झाले. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीला उभारलेले बेल-एअर हे आरोग्यधाम त्याच विचाराचे अपत्य.

या आरोग्यधामांतल्या एका मतभेदाकडे इतिहासकारांनी पाहिले, पण शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिले नाही. ब्रेमर रोग्यांना चढावर चालायला लावत. हृदय बळकट झाले की रोग हटेल, असा त्यांचा विश्वास. त्यांचेच रुग्ण आणि नंतर सहायक झालेले पेटर डेटवायलर यांनी १८७६ साली फाल्केनश्टाइनला स्वतःची संस्था काढली तेव्हा नेम बदलला. तिथे रोग्याने उघड्या सज्जात दिवसचे दिवस पांघरुणात पडून राहायचे, भरपेट खायचे आणि श्रम टाळायचे. पुढे जगभर हीच पद्धत रुजली. म्हणजे डोंगराच्या हवेची कीर्ती ज्या काळात सर्वांत मोठी होती, त्या काळात त्या हवेत राहणारा रोगी बहुतांशी आडवा पडलेला होता. उंची, आहार, उन्हाचा प्रकाश आणि विश्रांती यांतले काय कामी आले, हे कुणी वेगळे करून पाहिले नाही. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि तो वाद बाजूला पडला. दावोसमध्ये १९२२ साली उच्चपर्वतीय शरीरक्रिया आणि क्षयरोग यांच्या अभ्यासासाठी संस्था निघाली होती. ती आज अ‍ॅलर्जी आणि दमा यांवर संशोधन करते आणि रोगप्रतिकारशास्त्रात तिचे नाव आदराने घेतले जाते. प्रश्न बदलत गेले तरी अभ्यास थांबला नाही, याचे मला फार मोल वाटते.

दुसऱ्या बाजूला जे संशोधक डोंगरावर श्रमाचा अभ्यास करत होते त्यांचे लक्ष तांबड्या पेशींवर खिळले होते. पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले की उंचीवरचा त्रास हवेतल्या प्राणवायूचा दाब घटल्याने होतो. १८९० साली फ्रान्स्वा व्हियो यांना पेरूतल्या मोरोकोचा खाणीच्या गावात स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढलेल्या आढळल्या. मोंटे रोझा पर्वतावर ४,५५४ मीटरवर १८९३ साली उभी राहिलेली मार्गेरिटा झोपडी, १९११ ची पाइक्स पीकवरची हॉल्डेन यांची मोहीम, १९६०-६१ साली एव्हरेस्टच्या परिसरात ५,८०० मीटरवर काढलेला 'सिल्व्हर हट'मधला हिवाळा, या साऱ्यांत फुप्फुसे, हृदय आणि प्राणवायू हेच विषय. त्या सिल्व्हर हटमध्ये कोलकात्याचे शरीरशास्त्रज्ञ सुखमय लाहिरी हेही होते. आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काय होते हे विचारण्याचा मान खरे तर बॉस्टनच्या राल्फ लॅराबी यांचा. १९०१ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचे रक्त तपासून, जोरदार व्यायामानंतर पांढऱ्या पेशींची संख्या भरमसाट वाढते, असे त्यांनी लिहून ठेवले. पण ते समुद्रसपाटीचे निरीक्षण. उंची आणि कष्ट हे दोन्ही एकत्र कधी तपासायचे, हे विज्ञानाने नव्हे, युद्धाने ठरवले.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा सपाटीवरचे भारतीय जवान विमानाने आणि ट्रकने थेट हिमालयात नेले गेले. अंगावर पुरेसे कपडे नव्हते आणि शरीराला सवय व्हायला वेळ नव्हता. त्या आणि पुढच्या वर्षांत लष्करी डॉक्टरांनी जे पाहिले त्यातून डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६९ चा प्रसिद्ध निबंध तयार झाला. त्यात उंचीच्या आजाराने ग्रासलेल्या १,९२५ जवानांची हकिकत आहे. जगातल्या कुठल्याही वैद्यकीय मोहिमेला एवढ्या माणसांचा अनुभव नव्हता. त्याआधी फुप्फुसांत पाणी साचून मेलेल्या कित्येकांवर 'न्यूमोनिया' असा शिक्का बसत असे. १८९१ साली माँ ब्लाँवरच्या झोपडीत वारलेल्या तरुण डॉक्टर झाकोते यांच्याबाबतही हेच घडले होते. जंतूमुळे झालेला आजार कोणता आणि विरळ हवेने झालेला कोणता, हे वेगळे ओळखण्यातच माणसाची पाऊणशे वर्षे गेली.

सिंग यांच्या गटाने आणखी एक काम केले, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. १९६५ ते १९७२ या काळात सपाटीवरच्या १,३०,७०० आणि ३,६९२ ते ५,५३८ मीटर उंचीवरच्या २०,००० सैनिकांच्या आजारपणाची त्यांनी रोजच्या रोज नोंद ठेवली. १९७७ साली ती छापून आली. बहुतेक आजारांचे प्रमाण उंचीवर कमी होते. दावोसच्या डॉक्टरांना हे वाचून आनंद झाला असता. पण ते आकडे वाचताना हे लक्षात ठेवले पाहिजे की हे निवडलेले, तरुण, तंदुरुस्त पुरुष होते. त्यांना उंचीवर टप्प्याटप्प्याने चढवले होते. त्यांना पोटभर खायला होते आणि आजारी पडताच डॉक्टर हजर होता. १९७५ साली तर सिंग, चोहान आणि 'एम्स'चे जी. पी. तलवार यांच्या गटाने उंचीवरच्या माणसांची रोगप्रतिकारक प्रतिक्रिया थेट मोजली होती. हे काम भारतात झाले आणि पश्चिमेतल्या पुष्कळ प्रयोगांच्या आधी झाले.

पश्चिमेतला गाजलेला प्रयोग आला १९८५ साली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिकला एका बंद खोलीतली हवा चाळीस दिवसांत हळूहळू विरळ करत एव्हरेस्टच्या माथ्याइतक्या दाबापर्यंत नेली गेली. आत स्वयंसेवक राहत होते, सायकल मारत होते, रक्त देत होते. 'ऑपरेशन एव्हरेस्ट दोन' हे त्याचे नाव. थंडी नाही, बर्फ नाही, दूषित पाणी नाही. बदलली होती ती फक्त हवा. सुमारे ७,६०० मीटरच्या पातळीला त्यांच्या रक्तातल्या टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चेतवून पाहिले तेव्हा त्या पूर्वीसारख्या वाढेनात. बी-पेशींचे काम आणि नाकातल्या ओल्या अस्तराचे संरक्षण मात्र शाबूत होते. पुढे नेपाळमध्ये ५,०५० मीटरवरच्या इटालियन 'पिरॅमिड' प्रयोगशाळेत राहिलेल्या स्त्रियांच्या रक्तातही हाच कल दिसला. २००५ साली छापलेल्या त्या अभ्यासात टी-पेशी, त्यांतही सीडी-४ जातीच्या, कमी झालेल्या होत्या आणि नॅचरल किलर पेशी वाढलेल्या होत्या. 'उंचीवर प्रतिकारशक्ती कमी होते' किंवा 'वाढते' ही दोन्ही वाक्ये त्यामुळे अपुरी ठरतात. शरीर नॅचरल किलरसारख्या तत्काळ धावून जाणाऱ्या पेशी पुढे आणते. ओळख ठेवून, सावकाश आणि अचूक काम करणाऱ्या टी-पेशी तेवढ्यापुरत्या मागे पडतात.

असे का होते, याचे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडले. पेशीला प्राणवायू कमी पडला की तिच्यात 'हिफ' नावाचे प्रथिन टिकून राहते आणि शेकडो जनुकांचे काम बदलते. ग्रेग सेमेन्झा यांनी ते १९९० च्या दशकाच्या आरंभी शोधले. २०१९ चे नोबेल सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना या साऱ्या यंत्रणेच्या शोधासाठी मिळाले. हेच प्रथिन न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींनाही चालवते, हे २००३ साली उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट झाले. सुजलेल्या, सडणाऱ्या जखमेत प्राणवायू फारच कमी असतो. तिथे काम करण्यासाठी या पेशी जणू घडवलेल्याच आहेत. तिबेटी लोकांच्या रक्ताची उंचीशी जी अनोखी जुळणी आढळते तिचे मूळही याच घराण्यातल्या एका जनुकात सापडले, २०१० साली. प्राणवायूची कमतरता आणि जंतूंचा हल्ला या दोन्ही गोष्टींना तोंड देताना पेशी हेच साधन वापरतात. बहुधा म्हणूनच आल्प्समध्ये ३,४५८ आणि ४,५५९ मीटरवर गेलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात, कोणताही संसर्ग नसताना, सूज दाखवणारी इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी ही द्रव्ये वाढलेली दिसली. शिवाय अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी तीव्र होतात आणि ती त्वचेतली प्रतिकारशक्ती दाबतात. बर्फावर चालणाऱ्यांच्या ओठांवर नागिणीसारखे फोड उठतात ते यामुळेच.

त्यात घशाची भर. उंचीवर माणूस मिनिटाला जितकी हवा आत-बाहेर करतो ती सपाटीच्या मानाने अफाट असते, आणि ती हवा कोरडी, बर्फगार. श्वसनमार्गाचे ओले अस्तर सुकते. जंतू आणि धूळ बाहेर लोटणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावते. एव्हरेस्टच्या तळछावणीत केलेल्या मोजमापात हे दिसले आहे. १९२४ साली हॉवर्ड सॉमरव्हेल साडेआठ हजार मीटरच्या आसपासहून उतरताना घशात काहीतरी अडकून गुदमरले. छाती दाबून जोराचा खोकला काढला तेव्हा घशाच्या आतल्या अस्तराचा तुकडाच बाहेर पडला, आणि ते वाचले. त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात ज्यांनी पुढची कित्येक वर्षे गोरगरिबांच्या शस्त्रक्रिया केल्या, ते हेच सॉमरव्हेल.

आता यावर श्रमाचे ओझे ठेवा. सुमारे १,५०० मीटरच्या वर दर शंभर मीटरला शरीराची कमाल काम करण्याची क्षमता साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे पाठीवरचे वजन तेच, चढ तोच, पण शरीराला तेच काम अधिक जड जाते. कष्टाने संसर्ग वाढतो का, याबद्दलची सपाटीवरची मतेही बदलत गेली आहेत. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्क्यांनी आजारी पडल्याचे सांगितले, न धावलेल्या तयारीच्या धावपटूंपैकी फक्त २.२ टक्क्यांनी. त्यावरून तीव्र व्यायामानंतर काही तास जंतूंना दार उघडे मिळते, असा सिद्धान्त रूढ झाला. २०१८ साली कॅम्पबेल आणि टर्नर यांनी त्याला जोरदार आव्हान दिले. रक्तातून नाहीशा झालेल्या पेशी मरत नाहीत, त्या फुप्फुसे आणि आतडी अशा ठिकाणी पहाऱ्याला जातात, असे त्यांचे म्हणणे. मला हा युक्तिवाद पटतो. पण तो सपाटीवरच्या, नीट खाल्लेल्या, झोपलेल्या धावपटूचा आहे. उंचीवर झोप तुटते, भूक मरते, पाणी कमी पडते, आणि एका शौचालयाभोवती शंभर माणसे असतात. १९९८ साली डॅमियन बेली आणि सहकाऱ्यांनी उत्तम दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा अभ्यास छापला. दीड ते दोन हजार मीटर एवढ्या मध्यम उंचीवरच्या सरावातही त्यांच्या श्वसनाच्या आणि पोटाच्या संसर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांनी वाढले होते.

१९६८ साली २,२४० मीटरवरच्या मेक्सिको सिटीत ऑलिंपिक झाले. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातले धावपटू पुढे आले आणि ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क १०,००० मीटरच्या शेवटी कोसळले. तेव्हापासून उंचीवरचा सराव हा खेळाच्या जगाचा धर्मच झाला. आज त्या सरावात रोज सकाळी नाडी, झोप, वजन पाहिले जाते, रक्तातले लोह तपासतात आणि घसा खवखवला तरी त्या दिवशीचा सराव थांबवतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी उंचीची दोन्ही रूपे अनुभवली आहेत. महार रेजिमेंटचे जवान म्हणून ते आधी सियाचेनला होते. नंतर स्टीपलचेसचे धावपटू म्हणून कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव केला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले. सैन्य आणि खेळ ही दोन क्षेत्रे अशी आहेत जिथे उंचीवर राबणाऱ्या शरीराला वेळ देणे हा नियम झाला. भारतीय सैन्याचा नेम आज स्पष्ट आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार, त्याहून वर आणखी चार. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती. १९६२ मध्ये आणि नंतरच्या वर्षांत गेलेल्या जिवांनी हा नेम आपल्याला दिला आहे.

बाकीच्यांचे काय? लडाखच्या सीमेवर सीमा रस्ते संघटनेचे रस्ते खोदणारे मजूर मोठ्या संख्येने झारखंडच्या दुमक्याहून येतात. २०२१ साली उमलिंग ला येथे १९,००० फुटांवर गेलेला रस्ता अशाच हातांनी घडला. खडी फोडणे, डांबर पसरणे, ओझी वाहणे हा विरळ हवेतला व्यायामच आहे, आणि तो दिवसभर, महिनोन्‌महिने चालतो. खेळाडूंची लाळ तपासणारे निबंध आपल्याला सापडतात. या मजुरांच्या सर्दी-खोकल्याची, जुलाबांची, न भरणाऱ्या जखमांची नोंद त्याच काळजीने ठेवलेली आढळत नाही. नेपाळच्या वाटांवर कपाळाला पट्टा लावून ओझी वाहणाऱ्या सपाटीच्या प्रदेशांतल्या हमालांचेही तेच. ते शेर्पा नसतात, पण पर्यटक त्यांना शेर्पाच समजतो आणि उंचीची सवय त्यांच्या रक्तातच आहे असे धरून चालतो.

महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत वाढली, ती आनंदाची गोष्ट आहे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले आणि २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमीचा संघ तिथे पोहोचला. तेव्हापासून मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या घराघरांत हिमालयाची स्वप्ने आहेत. पण आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी पाय आणि दम कमावता येतो, विरळ हवेची सवय नाही. मुंबईहून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस दुपारच्या आत लेहला ३,५०० मीटरवर उतरतो. रजा मोजकी असते, म्हणून ट्रेकच्या कार्यक्रमातला विश्रांतीचा दिवस सर्वांत आधी कापला जातो. खोकला आला तर खिशातली अँटिबायोटिक घेऊन पुढे चालायचे. विषाणूच्या खोकल्याला त्याचा उपयोग नाही आणि फुप्फुसांत पाणी भरत असेल तर तोच खोकला जीव घेतो. आयोजकांनी दोन दिवस वाढवले आणि दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, ही अडचण खरी आहे. म्हणूनच हे एकट्यादुकट्या आयोजकाच्या भल्या मनावर सोडता येणार नाही. ३,००० मीटरच्या वर माणसे नेणाऱ्या प्रत्येक संस्थेला किमान दिवसांचा नियम लागू व्हायला हवा. तो नियम सोबतच्या हमालांना आणि स्वयंपाक्यांनाही तितकाच लागू असावा.

मजुरांसाठी तर आज ज्ञान नाही अशी सबब चालणार नाही. दिल्लीत संरक्षण शरीरक्रिया संस्था आहे, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, लेहमध्ये प्रयोगशाळा आहे. पन्नास वर्षांपूर्वी, संगणक नसताना, दीड लाख सैनिकांच्या आजारपणाची रोजची नोंद ठेवणे या देशाला जमले होते. एका हंगामात लडाखला चढणाऱ्या मजुरांच्या पहिल्या दोन महिन्यांची तशीच नोंद ठेवली, तर कष्ट, उंची आणि संसर्ग यांच्या नात्याविषयी जगाकडे नसलेली माहिती आपल्या हाती येईल. ती नोंद सुरू होण्याआधी त्यांच्या करारात एक ओळ घालावी लागेल. पहिल्या चौदा दिवसांचे, त्यांतल्या विश्रांतीच्या दिवसांसकट, पूर्ण वेतन. रोजंदारी बुडणार असेल तर कोणताही मजूर डॉक्टरला खोकला सांगणार नाही.